चष्मेवाल्यांचे पाच सूर आणि लेकीची चौथी कॉर्ड

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाला खेटून चष्म्याचं एक अरुंद दुकान आहे. त्याचे मालक वरच्याच मजल्यावर राहतात आणि रविवारी सकाळी खिडकीत बसून गिटार वाजवतात. त्यांना नाव आहे, पण ते फक्त लाइटच्या बिलावर येतं. बाकी सगळ्यांसाठी ते चष्मेवाले. त्यांची सासूसुद्धा फोनवर विचारते, "चष्मेवाले आहेत का घरात?"

माणूस कामात पक्का. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्यापुढे भिंगं सरकवत बसायचं. "हे स्पष्ट की हे? आधीचं की आत्ताचं?" गिऱ्हाईक कंटाळून "दोन्ही सारखंच" म्हणालं की चष्मेवाले खूश होतात. कारण त्यांच्या मते दोन्ही कधीच सारखं नसतं, माणूस फक्त आळशी असतो. मग पुन्हा पहिल्यापासून. घाईत आलेली माणसं त्यांच्याकडे जात नाहीत. गेलेली माणसं मात्र पायरीला अडखळत नाहीत.

पण गिटार हातात आली की हा चोखंदळपणा कुठे जायचा, कोण जाणे. तरुणपणी घर बदलणाऱ्या एका माणसाकडून त्यांनी ती गिटार घेतली. सामान टेम्पोत चढत होतं आणि तो माणूस जाता जाता शिकवत होता. दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी पाचव्या पडद्यावर बोटं ठेवून त्याने पाच सूर दाखवले आणि म्हणाला, "मायनरचं, म्हणजे उदास गाणं असेल तर या पाचांत राहा. कोणी तुला चूक म्हणणार नाही." टेम्पो निघून गेला. चष्मेवाले त्या पाचांतच राहिले. घरमालकाला घाबरणाऱ्या भाडेकरूसारखे. भिंतीत खिळासुद्धा ठोकला नाही.

आणि खरं सांगायचं तर पाच सूर वाईट नव्हते. फार गरीब स्वभावाचे. कोणाच्याही घरी पाठवा, भांडण करत नाहीत. त्यामुळे कुठलंही उदास गाणं लागलं की चष्मेवाले डोळे मिटून त्यावर आपलंच घोडं दामटायचे, आणि ते चालायचंही. गल्लीला त्या पाच सुरांची इतकी सवय झाली होती, की खालचा इस्त्रीवाला त्यांच्या तालावर कॉलर वळवायचा. चुकून एक रविवार चष्मेवाले गावाला गेले, तर म्हणे त्याने दोन शर्ट जाळले. हे तो मान्य करत नाही.

घरात आणखी दोघी. बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढते. यावर जे विनोद होऊ शकतात ते सगळे तिच्या भावाने लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच करून संपवले आहेत, त्यामुळे ते पुन्हा नकोत. आणि लेक, ठकू. खरं नाव मोठं गोड आहे, पण बापाने पाळण्यात असताना ठकू म्हटलं ते चिकटलं. दिवसभर फरश्यांच्या दुकानात लोकांना फरश्या दाखवते आणि संध्याकाळी गाणी लिहिते. गळा चांगला, स्वभाव त्याहून मऊ. बापाचं मन तर ती काचेच्या भांड्यासारखं दोन्ही हातांनी धरायची.

एका वर्षी ठकूने एक गाणं लिहिलं. भाड्याचं घर सोडून जाताना मागे राहिलेल्या भिंतीवरच्या खुणांचं. पहिल्यांदाच तिला वाटलं की हे फक्त घरात म्हणायचं गाणं नाही, नीट रेकॉर्ड करून लोकांपुढे ठेवायचं गाणं आहे. चार कॉर्डचं होतं. कॉर्ड म्हणजे तीनचार सूर एकदम वाजवायचे, गाण्याच्या खाली अंथरलेली सतरंजी म्हणा. ए मायनर, मग जी, मग एफ, मग ई सेव्हन. चार पायऱ्या खाली उतरायच्या आणि शेवटच्या पायरीवर थोडं थबकून पुन्हा घरात, म्हणजे ए मायनरवर यायचं.

एका संध्याकाळी ती खाटेवर बसून या चार कॉर्ड वाजवत होती. चष्मेवाल्यांनी आपली गिटार काढली आणि न विचारता तिच्या वरून वाजवायला सुरुवात केली. पहिली कॉर्ड, छान. दुसरी, छान. तिसरी, ठीक. चौथ्या कॉर्डवर त्यांचं बोट जिथे नेहमी जायचं तिथे गेलं आणि ठकूच्या एका भुवईने बारीकशी उडी मारली. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "दूध नासलं का बघते हं."

"दुधाचा काय संबंध?" चष्मेवाले म्हणाले.

"काही नाही. उगाच आंबट वाटलं."

"ठकू, कसं झालं गं?"

"छान, बाबा," ठकू म्हणाली आणि गिटार पिशवीत भरू लागली.

ती रोज असंच म्हणायची. चष्मेवाल्यांनी ते रोज खरं मानलं. इतकंच नाही, गाणं रेकॉर्ड होणार म्हटल्यावर त्यावर गिटार बापाचीच असणार हे त्यांनी मनात कधीच पक्कं करून टाकलं होतं. दोन गिऱ्हाइकांना आणि औषधवाल्याला त्यांनी तसं सांगूनही टाकलं. लेकीचं पहिलं गाणं आणि बापाची गिटार. तरुणपणापासून त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं, म्हणजे गिटारीच्या बाबतीत.

बातमी फोडली मेहुण्याने. मेहुणा जुने स्पीकर दुरुस्त करतो आणि त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून आणि मधे एक काच बसवून त्याने रेकॉर्डिंगची सोय केली आहे. शिवाय ड्रम वाजवतो. त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही; पोट मोठं आहे, पण झाकण नाही. चष्म्याची दांडी मोडली म्हणून दुकानात आला आणि दांडी बसवेपर्यंत बोलत राहिला.

"रविवारचं बघा दाजी, सगळं जमलंय. माइक मागवलाय. तो दातवाला डॉक्टर साडेदहापर्यंत येतो म्हणालाय."

"कोण दातवाला?"

मेहुण्याने जीभ चावली. पण जीभ चावून काय उपयोग, शब्द केव्हाच बाहेर येऊन काउंटरवर बसला होता.

"गिटारवाला हो. दिवसा दात काढतो, संध्याकाळी गिटार. हात काय चपळ आहे! ठकूने त्याला बोलावलंय. तुम्हाला सांगणारच होती ती."

चष्मेवाल्यांनी छोटा स्क्रू चिमट्यात धरला होता. तो सुटला आणि टणकन कुठेतरी गेला. "लग्नाबिग्नाचं काही आहे का?" त्यांनी विचारलं. बापाला दुखलं की तो आधी चुकीच्याच ठिकाणी हात लावून बघतो.

"छे हो! त्याला बायको आहे, दोन जुळी पोरं आहेत, वर सासूही घरातच आहे. त्याला आणखी लग्न कसलं झेपतंय. गाण्यासाठी बोलावलंय फक्त."

"मग मी?"

मेहुणा खाली वाकून स्क्रू शोधायला लागला. काउंटरखालून म्हणाला, "तिला धीर होत नाहीये दाजी. तुम्ही रुसाल म्हणते."

"मी वाईट वाजवतो?"

"वाईट नाही. एकच वाजवता. कॉर्ड बदलते, तुम्ही बदलत नाही. ती चौथी येते ना, तिथे तर... " मेहुण्याने स्क्रू वर धरला आणि दाढ दुखल्यासारखं तोंड केलं. "म्हणजे ते इतर ठिकाणी खपून जातं. तिथे नाही खपत."

"कुठला सूर चुकतो?"

"ते मला नका विचारू. मी बडवणारा माणूस. मला एवढंच कळतं की ती कॉर्ड आली की माझा पाय आपोआप आखडतो."

मेहुणा दांडी बसवून घेऊन गेला. चष्मेवाल्यांनी त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाकारले, यावरूनच त्यांना किती लागलं होतं ते कळावं. मेहुण्याला फुकट काही द्यायचं नाही हा त्यांचा नियम होता. दुपारी एका आजीबाईंना त्यांनी तीनदा विचारलं, "हे स्पष्ट की हे?" आणि त्या म्हणाल्या, "अरे, भिंग बदल की! तू नुसताच विचारतोयस." खरंच, हातात एकच भिंग होतं.

तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला म्हणा, किंवा आजीबाईंनी पाडला म्हणा. आपण लोकांना आयुष्यभर हे की ते विचारतो. गिटारवर एकदाही विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बायकोला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. तिला वाटलं डोळे तपासणार. तिने सवयीने हाताने एक डोळा झाकला.

"डोळा उघड. कान तपासायचेत."

"कानांना काय झालंय माझ्या?"

"तुझ्या कानांना काही नाही. म्हणून तर तुला बसवलंय."

ठकूची चौथी कॉर्ड त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून आणली होती, एकसारखी वाजत राहील अशी. ती लावली. त्यावर आपल्या पाचांतला पहिला सूर वाजवला. "कसं?"

"बरं."

दुसरा. "हे?"

"चालेल."

मग तो सूर, जी, जिथे बोट नेहमी जायचं. बायकोचं नाक मुरडलं. "हेच ते! दूध!"

"हं." चष्मेवाल्यांनी बोट एक पडदा पुढे सरकवलं. फक्त एक पडदा, म्हणजे जीचा जी शार्प झाला. अर्धीच पायरी. इतकी वर्षं शेजारी राहून ज्या घराचं दार कधी वाजवलं नव्हतं ते घर. "आणि हे?"

बायको खुर्चीत थोडी पुढे सरकली.

"हे की आधीचं?"

"हे. आधीचं कोण घेईल? पुन्हा वाजवा."

त्यांनी पुन्हा वाजवला. त्या सुरात एक गंमत होती. तो कॉर्डच्या आतच बसलेला होता, तिच्याच चार सुरांतला एक. आणि शिवाय वर घराकडे तोंड करून उभा होता, आता दार उघडेल आणि आत जाऊ अशा बेतात. आपला जुना सूर त्याच्याच अंगाला अंग घासत उभा राहायचा आणि म्हणून दोघांत खटका उडायचा, हे चष्मेवाल्यांना तिथे उभ्याउभ्या कळलं. मग काय, माणसाला भूक लागली. एफ घेऊन बघितला, बी घेऊन बघितला. हे दोन सूरही त्यांच्या पाचांत नव्हते. बायको "हे", "नाही, आधीचं", "हे, हे" म्हणत गेली. तिला मजा यायला लागली होती. रक्त काढताना कोणी तिला मत विचारत नाही.

पाचाचे सात झाले. मायनरची स्केल, म्हणजे सुरांची शिडी, पण सातवा सूर, तोच जी, अर्धी पायरी वर चढवलेला.

"याला हार्मोनिक मायनर म्हणतात वाटतं," चष्मेवाले म्हणाले. नाव ऐकून होते. ते कुठेतरी मोठ्या लोकांत राहतं अशी त्यांची समजूत होती.

"काहीही म्हणोत. बाकीच्या तीन राहिल्या ना अजून?"

"कुठल्या तीन?"

"कॉर्ड हो. चार आहेत म्हणालात ना?" बायकोने घड्याळ बघितलं. "मला निघायला हवं. काही लोक सकाळपासून उपाशी येऊन बसलेले असतात, उशीर झाला की मलाच खातील. उद्या बघू."

उद्या तिची दुपारची पाळी होती, परवा चष्मेवाल्यांकडे गर्दी. आणि खरं म्हणजे त्यांना बघायचंही नव्हतं. इतका सुंदर सूर सापडल्यावर आणखी कशाला शोधायचं? नवा बूट घेतलेला माणूस घरातसुद्धा बूट घालून फिरतो, तसं त्यांचं झालं. पुढचे दिवस खिडकीतून सातच्या सात सूर वाहत होते आणि सातवा तर सगळ्यात जास्त. खालच्या इस्त्रीवाल्याने वर बघून विचारलं, "काय हो, साप काढताय का कुठला?"

शुक्रवारी मेहुण्याच्या मागच्या खोलीत तालीम होती. चष्मेवाले गिटार घेऊन दारात उभे राहिले. आत ठकू, ड्रमच्या मागे मेहुणा आणि स्टुलावर दातवाला डॉक्टर. चांगला सज्जन माणूस, इतका स्वच्छ की त्याच्याकडे बघून आपोआप तोंड उघडावंसं वाटावं. ठकू बापाला बघून पांढरी पडली आणि तिने मामाकडे बघितलं. मामा झांज पुसायला लागला.

"मला सगळं कळलंय," चष्मेवाले म्हणाले. "रागावलो नाही. एकदा वाजवतो. ऐक आणि मग काय ते ठरव."

"बाबा, तसं काही..."

"वाजव तू."

ठकूने गायला सुरुवात केली. पहिली कॉर्ड गेली. त्यांनी नवा सूर चिमूटभर टाकला, जरा तिखट लागला पण बरा लागला. डॉक्टरने कौतुकाने मान वर केली. मग दुसरी कॉर्ड आली, जी. जिच्या अंगाखांद्यावर जी सूर उघडपणे बसलेला. आणि चष्मेवाल्यांनी तिथे पूर्ण प्रेमाने, लांब, थरथरवत आपला जी शार्प लावला.

जे झालं त्याचं वर्णन करणं कठीण आहे. मेहुण्याच्या हातातून काठी पडली. डॉक्टरने गालाला हात लावला. दिवसभर तो दुसऱ्यांना असं करताना बघत असतो. चष्मेवाल्यांना वाटलं गिटार उतरली असेल, म्हणून त्यांनी आणखी जोरात लावला.

"बाबा! तिथे नाही!" ठकू ओरडली.

ठकू बापावर ओरडली, हे तिच्या मामालाही नवीन होतं. तिला स्वतःलाही होतं. पण तोंड उघडलंच होतं तर ते तसंच चालू राहिलं. "दुसऱ्या कॉर्डवर तो सूर साधाच ठेवायचा! चढवायचा तो चौथीवर, फक्त चौथीवर! आधी चौथीवर साधा लावत होतास, आता दुसरीवर चढवलेला लावतोस! इतके दिवस मी... इतके दिवस..."

"इतके दिवस छान म्हणत होतीस."

"तू रुसतोस म्हणून!"

"मी रुसतो?" चष्मेवाल्यांनी मेहुण्याकडे बघितलं.

"दाजी, दोन वर्षं तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता. मी तुमच्या नव्या बोर्डाला हिरवा म्हटलं होतं."

"तो निळा होता."

"बघा."

डॉक्टर उठून उभा राहिला. "मी बाहेर थांबतो हवं तर."

"बसा हो डॉक्टर," चष्मेवाले म्हणाले. ते स्वतः मात्र उभेच होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता. रुसण्याकडे चालला होता हे खरं. ठकूने ते ओळखलं आणि ओठ चावला. पण वाटेत त्याला काहीतरी आडवं आलं. चष्मेवाले स्वतःशीच म्हणाले, "एकच डोळा तपासला."

"काय?"

"चौथी कॉर्ड तपासली आणि तोच नंबर चारींना ठोकला. एक डोळा तपासून दोन्ही काचा बसवल्या." त्यांनी कपाळाला हात लावला. "दुसऱ्या कोणी केलं असतं तर दुकानातून हाकललं असतं त्याला."

आपल्या धंद्यातली चूक आपल्या हातून झाली की माणसाला रुसायलाही तोंड राहत नाही. रुसायचं कोणावर? मेहुणा फिस्सकन हसला. मग डॉक्टर हसला, दाबून. ठकू हसली नाही. ती अजून बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती.

चष्मेवाल्यांनी स्टूल ओढलं. "ठकू, ये इकडे. बस. पहिली कॉर्ड वाजव. मी एकेक सूर लावतो. तू सांगायचं, हे की हे. आणि छान म्हणायचं नाही. छान म्हणालीस तर उठून जाईन."

"आता?"

"उजेड आहे तोवर."

मग त्या गाद्यांच्या खोलीत बापाने लेकीला गिऱ्हाइकासारखं समोर बसवलं. सुरुवातीला ठकू घुटमळली. "दोन्ही बरे आहेत, बाबा."

"दोन्ही कधीच बरे नसतात. हे, की हे?"

"...आधीचं."

"हं. आणि हे?"

"हे नको."

"हे?"

"अजिबात नको! कसं सुचतं तुला?"

"वा!" चष्मेवाले म्हणाले.

पहिल्या कॉर्डवर साधी मायनर. सातवा सूर चढवलेला चालेल, पण वाटेतून जाता जाता. त्यावर मुक्काम करायचा नाही. दुसऱ्या कॉर्डवर साधाच, तिथे चढवलेल्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. तिसरीवर साधीच स्केल, पण तिथे एफजवळ जरा बसावं, असं ठकूचं मत पडलं. डॉक्टरला वाटत होतं तिथे बी आणखी गोड लागेल. "तिथे मी तर नेहमी..." तो म्हणाला. ठकू म्हणाली, "तुम्ही तुमचं वाजवाल तेव्हा घ्या, डॉक्टर. इथे एफ." तिची जीभ एकदा सुटली होती, ती आता डॉक्टरलाही सोडत नव्हती. चौथ्या कॉर्डवर सातवा चढवायचा आणि घरात शिरायचं.

"म्हणजे जवळचा चष्मा वेगळा, लांबचा वेगळा," मेहुणा मागून म्हणाला. "दाजी, एकच बायफोकल करून घ्या."

"तू बडव," चष्मेवाले म्हणाले.

पण डोक्याला कळणं वेगळं आणि बोटाला कळणं वेगळं. बोटं म्हणजे जुने नोकर. मालक काहीही म्हणो, ती ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जाऊन बसतात. शनिवारभर चष्मेवाले खिडकीत बसून त्या चारच कॉर्ड फिरवत होते. चुकले की स्वतःच "अंहं" म्हणायचे. इस्त्रीवाल्याला काही समजेना. त्याने त्या दिवशी फक्त चादरी घेतल्या.

रविवारी रेकॉर्डिंग. ठकूचं गाणं आधी झालं, दोनदा गायली, दुसरं ठेवलं. मग ठकूने सगळ्यांसमोर सांगितलं, "मधला तुकडा डॉक्टर वाजवतील. शेवटी कॉर्ड दोनदा फिरतात, तिथे बाबा."

"मधलंही मी..." चष्मेवाल्यांनी सुरुवात केली.

"नाही, बाबा. मधलं वेगात आहे. तुला जमणार नाही."

मेहुण्याने डोळे मिटून घेतले. चष्मेवाल्यांच्या नाकपुड्या फुगल्या. चाळीस लोकांच्या लग्नात शंभर आले आणि जेवण संपलं की आचाऱ्याचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. पण ते एवढंच म्हणाले, "बरं. शेवट तर शेवट."

डॉक्टरचा तुकडा एका झटक्यात झाला. खरंच चपळ हात. चष्मेवाल्यांनी ते ऐकलं आणि कबूल केलं, म्हणजे "वेगात आहे खरा" असं म्हणाले. त्यांच्या भाषेत हे फार झालं.

मग ते बसले. कानावर हेडफोन, समोर काचेपलीकडे ठकू. पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत चौथी कॉर्ड आली आणि म्हातारं बोट बरोब्बर आपल्या जुन्या जागी जाऊन बसलं.

"परत," ठकू म्हणाली.

परत. यावेळी चौथी कॉर्ड जमली, पण त्या काळजीत दुसऱ्या कॉर्डवर सातवा चढला.

"परत."

"ठकू, लोकांना एवढं कळत नाही गं."

"मला कळतं. परत."

मेहुण्याने घाम पुसला. वाजवत तो नव्हताच. डॉक्टर दाराशी उभा राहून ऐकत होता, घरी सासू वाट बघत असतानाही. पुढच्या वेळी चष्मेवाल्यांनी डोळे मिटले नाहीत. आयुष्यभर मिटून वाजवलं होतं. आता उघडे ठेवून बोटाकडे बघत बसले, पोर रस्ता ओलांडताना बघावं तसे. ए मायनर, साधं. जी, साधं, तिथे तो सूर आपल्या घरच्यासारखा बसला. एफ, जरा मुक्काम. आणि ई सेव्हन आली तेव्हा बोट जुन्या दाराशी थबकलं, एक पडदा पुढे सरकलं आणि जी शार्पवर थांबलं. कॉर्ड पूर्ण संपेपर्यंत चष्मेवाल्यांनी तो एकच सूर धरून ठेवला. त्यावर काहीही नक्षी काढली नाही. मग ए मायनर आली आणि सूर अर्धी पायरी चढून घरात गेला.

काचेपलीकडे ठकूने मान खाली घातली होती. चष्मेवाले वाट बघत राहिले.

"झालं," ती म्हणाली. "मामा, हे ठेव."

"ठेवू? नक्की?" मेहुणा.

"हेच. आधीचं कोण घेईल?"

हे वाक्य तिच्या आईचं आहे, हे तिला माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. चष्मेवाल्यांनी हेडफोन काढला, गिटार पिशवीत घातली आणि वायर गुंडाळायला घेतली. वायर त्यांनी इतकी नीट गुंडाळली, की मेहुण्याला ती सोडवायला नंतर अर्धा तास लागला.

संध्याकाळी बाप-लेक घरचा जुना स्पीकर घेऊन जिना चढत होते. मेहुण्याने तो दुरुस्त करून ठेवलेला, आणि आज न्याच म्हणून मागे लागला होता. एक बाजू बापाकडे, एक लेकीकडे. पहिल्या वळणावर चष्मेवाले दम खायला थांबले.

"पुढचं गाणं कुठल्या कॉर्डमध्ये आहे?"

"अजून लिहिलं नाही."

"लिहिलंस की आधी मला दे. मला चारही तपासायला वेळ लागतो."

ठकूने स्पीकर गुडघ्यावर टेकवला. "त्यात तू आहेस की नाही ते अजून ठरलं नाही, बाबा."

वरच्या दारातून बायको डोकावली. आता काय होतंय ते बघायला ती दोन पायऱ्या खालीही आली. चष्मेवाल्यांनी स्पीकरची आपली बाजू उचलली.

"ठरव की. कोण घाई करतंय?" ते म्हणाले. "जड बाजू तू घे फक्त."